अबोल म्हणून निवडलेले काम

माणसाचा स्वभाव पाहून त्याचे काम ठरवावे, असे म्हणतात. परंतु तो स्वभाव नेमका कोठे पाहावा? या एकाच प्रश्नाचे उत्तर मी येथे शोधतो आहे.

आमचे साखरखेर्ड्याकडचे घर भाजीपाला पिकवणारे. घरात एक रीत होती: पाहुणा जेवायला बसला की वाढणाऱ्या मुलींनी बोलायचे नाही. शहरात शिक्षक असलेले आमचे मामा नेहमी जेवणाच्या वेळीच येत. धाकटी बहीण बारावी झाली, तेव्हा तिने पुढे काय करावे हे त्यांनी ताटावर बसूनच ठरवले.

"पोरगी अबोल हाय. मानसाइत हिचा निभाव लागनार नाही. रक्त तपासाचं शिकवा. काच अन् यंत्र, बोलाचं कामच नाही."

"भाऊ, आठवडी बजारात हिच्याशिवाय आपल्या मालाले उठाव नाही," आई चुलीजवळून म्हणाली.

"बजारात तं बकरी बी वरडते, बाई!" मामा हसले.

बहिणीला बियाण्यांचे दुकान टाकायचे होते. "आधी वांगं हातात घेऊन पाह्य मावशी, मंग नाक मुरड!" असे म्हणून ती बाजारात पुढे निघून जाणारे गिऱ्हाईक माघारी फिरवत असे. मामा तिचे शिक्षण ठरवत होते त्या क्षणी मात्र ती भाकर वाढत होती. रीतीप्रमाणे ती गप्प राहिली, आणि तिचे गप्प राहणे हाच पुरावा मानला गेला.

आता ती मलकापूरला एका रक्ततपासणी केंद्राच्या आतल्या खोलीत काम करते. तिचे काम अचूक असते. एकदा मी विचारले, "करमते का इथं?"

"सवय झाली, दादा."

एवढे म्हणून तिने पुढची नळी यंत्रात ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात मावसबहिणीच्या हळदीत बायका एकमेकींना चिडवत होत्या. माझी बहीण भिंतीला टेकून बसली होती. "काऊन वं, तू काऊन लाजतं? नवरी तं ते हाय!" म्हणत एका काकूंनी तिला ओढले. ती हात सोडवून पाणी वाटू लागली. मामांनी मला कोपराने खुणावले.

"पाह्य, मी म्हनलो होतो ना? अबोलच हाय."

त्यांचे म्हणणे आज खरे आहे. तेव्हा ते खरे नव्हते, एवढेच मी सांगू शकतो. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, असे मी वर्गात शिकवतो; म्हणून येथेही तो बांधत नाही. आपल्या मुलीला अबोल ठरवण्यापूर्वी तिला घराबाहेर, तिच्या माणसांत पाहा, आणि माझे म्हणणे कितपत खरे आहे ते कृपया स्वतः पडताळून घ्या.