डाव्या बोल्टची रायफल

इकडे परदेशात, टॅलाच्या आमच्या घरात कपाटं बसवायला आलेला सुतार डावखुरा होता. त्याने हातोडी उचलली तेव्हाच मला ते दिसलं, आणि मी चेकवर सही केली तेव्हा त्याला माझं दिसलं. शाळेत मास्तरांनी त्याचा डावा हात पट्टीने फोडून काढला होता, असं त्याने सांगितलं. मी सांगितलं की पुण्याला माझी आई जेवताना मला डावा हात मांडीखाली दाबून बसायला लावायची. तेवढ्यावर आमची ओळख झाली. २००८ सालची गोष्ट. मी सिटीवेस्टला सॉफ्टवेअरमध्ये होतो, तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, हाताखाली चार माणसं, स्वतःची व्हॅन.

तो हरणांच्या शिकारीला विकलोच्या डोंगरात जायचा. एका रविवारी मलाही घेऊन गेला. त्या दिवशी हरीण काही दिसलं नाही, पण दव पडलेल्या गवतात पोटावर पडून राहण्याची मला चटक लागली. पुढे त्याच्या क्लबच्या रेंजवर त्याने मला नेम धरायला शिकवलं. त्याची रायफल डाव्या बोल्टची होती. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलायची दांडी, ती बहुतेक रायफलींना उजवीकडे असते. डावखुऱ्याला तिच्यावरून हात वळवून घ्यावा लागतो, आणि रिकामं काडतूस तोंडासमोरून उडतं. त्याची दांडी डावीकडे होती. ती हातात घेतल्यावर आयुष्यात पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्यासाठी बनवल्यासारखी वाटली.

मलाही तशीच हवी होती. नवी घेणं परवडणारं नव्हतं, आणि जुनी डावी रायफल सहज मिळत नाही. मिळाली तरी तिची किंमत ठरवणं अवघड. विकणारा म्हणतो दुर्मीळ आहे, घेणारा म्हणतो पुढे ती कोण घेणार. वर्षभर आम्ही दोघं दुकानं हिंडलो, एकदा तर वॉटरफोर्डपर्यंत गेलो. जुनी रायफल कशी पाहायची ते त्यानेच मला शिकवलं. लाकडाकडे आधी बघू नकोस, म्हणायचा, लाकूड खोटं बोलतं. बोल्ट बाहेर काढ, त्याचे दात झिजलेत का बघ. नळी उजेडाकडे धर. नळीच्या तोंडावर बोट फिरव. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचं लाकूड, उतरवून दाखवायला सांग, कारण इथल्या ओलीचा गंज लाकडाखाली बसतो. आणि माणूस ती का विकतोय, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नकोस.

माझ्या बायकोला हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. घरात दोन वर्षांची मुलगी, आणि तुला बंदूक कशाला, असं ती एकदाच म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, पण मी दुकानांच्या वेबसाइट बघत बसलो की उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तोवर बांधकामं बंद पडायला लागली होती. सुताराने आधी दोन माणसं कमी केली, मग उरलेली दोन. मग व्हॅन गेली. माझी नोकरी टिकली होती, आणि त्याची लाज वाटून मी त्याच्याकडे जाणं कमी केलं. फोन केला की तो ‘ग्रँड’ म्हणायचा, म्हणजे मस्त चाललंय. इथे सगळेच म्हणतात, म्हणून मीही तो शब्द तसाच घेतला.

२०११च्या फेब्रुवारीत त्याच्या बायकोचा फोन आला. ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तो रायफल विकायला काढतोय, तू शोधत होतास ना, शनिवारी ये, असं ती म्हणाली. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं.

शनिवारी गेलो तर स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर अंथरून त्याने रायफल मांडून ठेवली होती. त्याने दाढी केली नव्हती. बोल्ट काढून त्याने माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसला. मी अगदी त्याने शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. दात पाहिले. नळी खिडकीकडे धरली. नळीच्या तोंडावर बोट फिरवलं, तिथे बारीक खाच लागली. दस्ता उतरवायला सांगितला. त्याने स्क्रू काढले. खाली गंजाचे खड्डे होते. दस्त्याच्या मुठीपाशी जुनी चीर होती, त्यानेच गोंद भरून इतक्या सफाईने बुजवलेली की दुसऱ्या कुणाला दिसली नसती. मला दिसली, आणि मी ती बोट ठेवून दाखवली.

त्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडी जास्त किंमत मी सांगितली. “डावी आहे,” मी म्हणालो, “घेणारे कमी.”

“खरं आहे,” तो म्हणाला.

त्याने दस्ता पुन्हा बसवला, तेलाच्या फडक्याने नळी पुसली, रायफल लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. मग राहू दे, म्हणाला. चहा घेशील का, असंही विचारलं. मी नको म्हणून बाहेर पडलो. मनात राग नव्हता. उलट पारख चांगली जमली म्हणून थोडा खूषच होतो.

गाडीपाशी पोचलो तर मागून त्याची बायको आली. पाऊस भुरभुरत होता, आणि तिच्या अंगावर कोट नव्हता. “तू काय देतोस याच्याशी मला कर्तव्य नव्हतं,” ती म्हणाली. “ती मला घरातून जायला हवी होती. रोज मी कामावरून येते तेव्हा तो कपाट उघडं टाकून समोर बसलेला असतो.” तिनेच महिनाभर मागे लागून त्याला विकायला तयार केलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, तुलाच देईन, असं तो म्हणाला होता, कारण तू डावखुरा.

त्याने शिकवलेला शेवटचा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मी परत आत गेलो. तो अजून त्याच खुर्चीत होता. तुझीच किंमत देतो, मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या तिच्याकडे.

“तिने सांगितलं तुला.”

मी हो म्हणालो. पुढे काय बोलायचं ते मला इंग्रजीत येत नव्हतं, आणि मराठीत आलं असतं असंही नाही. शेवटी जे होतं तेच बोललो. “मला भीती वाटते.”

त्याने टेबलावरची चादर गोळा केली. मग म्हणाला, “मलाही.” आणि खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

लायसन्स नसताना रायफल मला घरी नेता येत नव्हती. परवाना मिळेपर्यंत ती बंदुकांच्या दुकानदाराच्या तिजोरीत ठेवावी लागते. आम्ही तिघं माझ्या गाडीतून त्याच दुपारी दुकानात गेलो. रायफल त्यानेच आत नेली. दुकानदाराने ती उलटसुलट पाहिली आणि मी सांगितली होती त्याहूनही कमी किंमत सांगितली. मी मात्र त्याला त्याचीच किंमत मोजली. परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर बायकोच्या शेजारी बसला होता. ती त्याच्या बाहीला धरून होती, लहान मुलाला रस्त्यात धरतात तसं.

सोमवारी ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. पुढचे सहा आठवडे तो दवाखान्यात होता. मी दोनदा भेटायला गेलो. एकदा तो झोपलेला होता, दुसऱ्यांदा आम्ही हवामानावर बोललो.

माझं लायसन्स उन्हाळ्यात आलं. रायफल मी घरी आणली, जिन्याखालच्या लोखंडी कपाटात ठेवली, आणि डोंगरात एकदाही नेली नाही. रेंजवर दोनदा नेली, दोन्ही वेळा नेम नीट लागला नाही.

२०१३च्या वसंतात त्याचा फोन आला. छोटी छोटी कामं मिळत होती, दारं, जिने, असलं. आवाज पूर्वीसारखा होता. तू दिलेल्या किमतीला रायफल परत घेतो, म्हणाला, वर काय हवं ते सांग. मी विचार करतो म्हणालो आणि आधी त्याच्या बायकोला फोन केला. तिने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, “नाही. अजून नाही.”

मी त्याला सांगितलं की रायफल विकून टाकली.

डावी रायफल विकली गेली की त्या भागातल्या दुकानदारांना कळल्याशिवाय राहत नाही. त्याने चौकशी केली, तशी कुठलीच विकली गेली नव्हती, आणि पुढच्या आठवड्यात तो आमच्या दारात आला. मी आत बोलावलं, तो आला नाही. माझ्या बायकोने आतून पाहिलं आणि मुलीला घेऊन वर गेली.

“नाही म्हणाला असतास तर चाललं असतं,” तो म्हणाला. “माझ्यावर चिडला असतास तरी चाललं असतं. पण तू खोटं सांगितलंस. म्हणजे तुझ्या लेखी मी अजून त्या खुर्चीतच बसलोय.”

त्याच्या बायकोनेच नको म्हटलं होतं, हे मी सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. आणि तो जे म्हणाला ते खोटंही नव्हतं. त्या क्षणी तो दारात उभा होता, केस कापलेले, बुटांवर लाकडाचा भुसा, पण मला दिसत होती ती खुर्चीच. मी सॉरी म्हणालो. त्याने मान हलवली आणि फाटक लावून निघून गेला.

त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. सुपरमार्केटमध्ये दिसला तर हात वर करतो, पण थांबत नाही. त्याची बायको मात्र येते. माझ्या बायकोशी स्वयंपाकघरात बसून बोलते, जाताना माझ्याशी दोन शब्द. तो कसा आहे, मी विचारतो. कामावर जातो, ती म्हणते. त्यापलीकडे ती सांगत नाही, आणि मीही विचारत नाही.