पायाळू पोरीचा उजवा पाय

करिश्मा जन्माला आली ती उजवा पाय पुढे करून. तिची आई धुरपदा त्या बाळंतपणात मरता मरता वाचली, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिला तो पाय. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे आमच्या केंदूर गावात शिकल्यासवरल्यांनाही मान्य आहे. त्यामुळे पोरगी धड उभी राहायला लागली तेव्हापासून तिच्या बापाच्या, मारुतरावांच्या, ओट्यावर कुणी ना कुणी पाठ उघडी करून बसलेलं असायचं. तिने उजव्या पायाने तीनदा हलकी लाथ मारायची आणि लगेच त्याच माणसाच्या पाया पडायचं, कारण थोरामोठ्यांना लाथ मारल्याचं पाप लागायला नको. बदल्यात काय मिळायचं? "गुणाची गं बाई माझी." गुणाची म्हणजे फुकटची, हे मी शेजारी राहून वीस वर्षं पाहिलंय.

नववीत असताना ती पळायला लागली. फौजेतून परतलेले सर्जेराव गावातल्या पोरांना पहाटे पाबळच्या डांबरी रस्त्यावर पळवायचे. पोरं धापा टाकत खाली बसायची आणि ही पुढे निघून जायची. सर्जेराव मिशीला पीळ देऊन सगळ्यांना सांगायचे, "पायाळू हाय ती. तिच्या पायाला मरान न्हाई!" लोकांना ते पटलं. वाईट एवढंच, की पोरीलाही पटलं.

ती विशीला आली तेव्हा दौंडला रेल्वेची निवड चाचणी होती, दहा हजार मीटरची. पहिल्या दोघींत आली की खेळाडू म्हणून नोकरी आणि राहायला क्वार्टर. नोकरी कुणाला नको? पण करिश्माला त्याहून वेगळंच काही हवं होतं. एकदा माझ्या ओट्यावर पाय सोडून बसली होती, तेव्हा म्हणाली, "काकी, दौंडात कुणाला ठाव न्हाई मी पायाळू हाय ते. तिथं माझा पाय फकस्त माझाच."

चाचणी जवळ आली तसं सर्जेरावांनी पळणं दुप्पट केलं. उजवी नडगी आधी पळून आल्यावर दुखायची, मग पळताना दुखायला लागली, मग बसल्याजागीही ठणकायला लागली. धुरपदा आंबेहळदीचा लेप लावायची. त्यातच कांद्याची काढणी आली, आणि निम्म्या गावाच्या कंबरा धरल्या. रोज ओट्यावर पाठी हजर! पोरगी ओठ दाबून लाथ मारायची, मारताना तिचा चेहरा पांढरा पडायचा, आणि वर एक बाई मला म्हणते कशी, "हल्ली जरा नरमच मारती, मन लावून मारत न्हाई." माझं टाळकंच सटकलं. दुसऱ्या दिवशी मी करिश्माला उचललं आणि शिरूरला डॉक्टर रश्मीबाईंकडे नेलं.

बाईंनी फोटो पाहिले आणि सरळच सांगितलं, "हाडाला चीर गेली आहे. पडून नाही, पळून पळून. दोन महिने पळणं बंद. नाही ऐकलंस तर हाड मोडेल."

चाचणी तीन आठवड्यांवर होती. सर्जेरावांना सांगितलं तर हसले. "पायाळूच्या पायाला चीर? आवो, आमच्या फौजेत पाय सुजलेले गडी बी पळायचे. दुखतंय म्हंजी हाड पक्कं व्हतंय." मारुतरावांनी होकाराची मान हलवली. त्यांनी आयुष्यात दुसरं काही हलवलेलं मला माहीत नाही. मी पोरीला बाजूला घेतलं आणि हात जोडले. ती म्हणाली, "पुढची चाचणी कवा, कुणाला ठाव? तवर हितंच लाथा घालत बसू व्हय?"

जोडलेले हात मी सोडले.

दौंडच्या मैदानावर ती पळाली. नडगीला पट्टी घट्ट आवळलेली होती. जवळजवळ सगळी शर्यत ती दुसऱ्या नंबरवर होती. सर्जेराव कडेने ओरडत होते, मारुतराव बाजूच्या अनोळखी माणसाला "माझी पोरगी हाय" म्हणून सांगत होते, आणि मलासुद्धा क्षणभर वाटलं, डॉक्टरीणबाई चुकल्या असाव्यात. शेवटच्या फेरीत, जिथे सांधा नाही तिथे तिचा पाय वाकला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मागची मुलगी तिच्यावरून उडी मारून पुढे गेली. आणि सर्जेराव काय ओरडले असतील? "ऊठ! थोडंच ऱ्हायलंय, ऊठ!" पोरगी खरंच उठली. एक पाऊल टाकलं आणि पडली ती मग उचलूनच आणावी लागली.

मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. पुढे चालता येईल, डॉक्टर म्हणाले, पण असल्या शर्यतीचं नाव काढू नका. सर्जेराव पाहायला आले नाहीत. गावात म्हणत फिरले की पोरीने मन घट्ट केलं नाही.

ओट्यावर नेहमी पाठ घेऊन येणारे म्हातारे सोपानआप्पा मात्र आले. हातात बिस्किटाचा पुडा होता. तो त्यांनी खाटेवर ठेवला, कण्हत कण्हत जमिनीवर बसले, आणि सदरा वर करून पाठ खाटेला लावली.

"आप्पा, पाय मोडलाय माझा," करिश्मा म्हणाली.

"ठाव हाय की. पन बोटं उघडी हायत. तेवढी टेकव."

मी म्हटलं, "लाज वाटू द्या काही! फारच असेल तर डावा पाय घ्या."

"डाव्याला गुण न्हाई." आप्पांनी धुरपदाकडे पाहिलं. "कंचा पाय पयला आलता गं?"

धुरपदा दाराशी उभी होती. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "उजवा."

करिश्माने आईकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी प्लास्टर धरून पाय खाटेच्या कडेपर्यंत सरकवला आणि बोटं त्या पाठीवर दाबली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आप्पांना ते दिसत नव्हतं. त्यांची पाठ होती.

"अजून दोनदा," ते म्हणाले.

तिने अजून दोनदा लावला. आप्पा उठले, कंबर इकडेतिकडे वळवून पाहिली आणि खूश झाले. "उतरली बग! असला गुणाचा पाय, आन् पळून पळून वाया घालवीत व्हतीस."

ती सवयीने पुढे वाकू पाहत होती. आप्पांनी मोठ्या मनाने हात वर केला.

"पाया पडायचं ऱ्हाऊ दे आज."