वानखेडे भाऊंचं पन्नास ग्रॅम

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एक वाक्य सोडून. वाडीतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट गोडाऊनमध्ये किस्से न सोडवलेल्या पार्सलसारखे असतात. कोणी न्यायला येत नाही आणि ढीग वाढत जातो!

त्यातले बरेचसे आमचे हेडक्लार्क वानखेडे भाऊ यांच्या नावचे. शुगर वाढली म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांचा भात, पोळी, साखर सगळं बंद केलं. फळ? दिवसाला पन्नास ग्रॅम! "तीन महिन्यांत उतरली नाही, तर इन्सुलिन." आता भाऊ भरल्या ट्रकच्या टपावर चढून ताडपत्री आवळणारा माणूस, पण सुई नुसती दिसली तरी खुर्चीत कलंडतो.

*

पहिल्याच दिवशी भाऊंनी पार्सलच्या काट्यावर संत्रं ठेवलं. आमचा काटा अर्ध्या किलोखालचं काही दाखवतच नाही. आकडा आला शून्य.

भाऊंनी दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. तरी शून्य!

"याईचं वजनच नाही गा!" असं मला म्हणत भाऊ सोलायला बसले.

बिलिंगच्या रामटेकेबाई मान वर न करता म्हणाल्या, "खा भाऊ. त्या काट्यावर सुईचं वजन बी शून्यच येते!"

*

दुसऱ्या दिवशी बाईंनी घरचा छोटा काटा आणला. त्या दिवशी सीताफळ होतं. भाऊ म्हणे, साल आणि बिया काहून मोजायच्या? भरल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतात ना, तसं करू!

आधी अख्खं सीताफळ तोललं. मग खाल्लं. मग साल आणि बिया तोलल्या. वजाबाकी आली एकशेदहा.

"साठ ग्रॅम ओव्हरलोड," बाई म्हणाल्या. "आता माल उतरवता कुठं?"

*

मग त्या काट्याचा सेल संपला. भाऊंनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अर्धी मूठ बोरं चालतील."

"मूठ कोणाची, ते नाही सांगितलं!" म्हणत भाऊंनी आमच्या हमालाला हाक मारली. त्याला सगळे पैलवान म्हणतात. त्याच्या पंजात अख्खं कलिंगड मावतं. त्यानं पिशवीत हात घातला, मूठ भरली आणि सगळी बोरं स्वतःच्या तोंडात टाकली.

"मूठ माही, तं बोरं बी माहीच!"

*

शेवटी फळ रामटेकेबाईंच्या ताब्यात गेलं. रोज संत्र्याच्या तीन फोडी, सोबत थोडे शेंगदाणे. भाऊ एकेक फोड दहा दहा मिनिटं चघळून राहिले, पण चौथी मागितली नाही. उरलेलं फळ बाई, पैलवान आणि मी वाटून घ्यायचो. भाऊंच्या जिवासाठी!

तीन महिन्यांनी तपासणीला भाऊ एकटे जाईनात. "सुई पाहून मी पडलो तं धरेल कोण? तू बी रक्त दे!" म्हणून मीही दिलं.

रिपोर्ट आले. भाऊंची शुगर उतरली होती. इन्सुलिन टळलं! भाऊंनी डोळे पुसले आणि डॉक्टरीणबाईंना इतक्यांदा नमस्कार केला, की त्यांनी हात धरून थांबवलं.

मग त्यांनी माझा कागद उचलला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"तुम्ही काय खाता हो?"

"भाऊंचं उरलेलं."

*

आता ते खोटं वाक्य. बाई आणि पैलवान उरलेल्या फळाला कधी शिवलेच नाहीत.