भाऊजींचा जॅझ

तबकडीला हात लावण्याआधी आमचे भाऊजी साबणाने दोनदा हात धूत. एकदा धुऊन भागत नसे. आमचं घर चिंचणीचं, मासेवाल्यांचं, आणि सुक्या बोंबलाचा वास हाताला, पदराला, पिण्याच्या तांब्यालासुद्धा चिकटलेला. मग पंच्याने हात कोरडे करायचे, तबकडी कडेने दोन तळव्यांत धरायची, एक फुंकर मारायची आणि मगच ती यंत्रावर ठेवायची. एवढं सोवळं आमच्या घरात देवाच्या वाट्यालाही आलं नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तिथल्या सामानाच्या गोदामात ते कारकून होते. अमेरिकेचे इंजिनियर तेव्हा बायकामुलांसकट तिथे राहायला आलेले. त्यातल्या एका साहेबाने मायदेशी परतताना सेलवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि चार तबकड्या भाऊजींना देऊन टाकल्या. त्या चार तबकड्यांनी आमच्या भाऊजींचं डोकं कायमचं फिरवलं. गावातली त्यांच्या वयाची माणसं होडी, जागा, नाहीतर लग्न यांच्या मागे. आणि आमचे हे जॅझच्या मागे!

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, भांड्यांची फळी कोसळली. मी मनोरची, भजनाच्या वर काही ऐकलेलं नाही. सासूबाई तर स्पष्टच बोलायच्या. सॅक्सोफोन सुरू झाला की चुलीपासून ओरडायच्या, "अरे, याच्या पोटात दुकतं का? ओवा दे त्याला!" एक क्लॅरिनेटवाला मात्र त्यांना पसंत होता. तो लागला की म्हणायच्या, "हा बरा हाय. याला जेवाया बोलव." भाऊजी गंभीरपणे सांगत, "आये, तो मेला गं." "मंग आता कसा वाजवतो?" सासूबाईंचा सवाल.

त्या सवालाचं उत्तर म्हणजे भाऊजींचा आवडता विषय. पूर्वीच्या तबकड्या तीन-तीन मिनिटांच्या, ठिसूळ. फुटल्या की संपलं. आता त्याच जुन्या गोष्टी गोळा करून मोठ्या तबकडीवर पुन्हा छापायला लागले होते. "वहिनी," ते म्हणत, "मेलेल्या माणसाला नवा पत्ता मिळतो बघा." साहेब लोकांच्या वसाहतीतून ते जुनी मासिकं आणत. त्यांच्या शेवटच्या पानांवर नव्या आणि पुन्हा निघालेल्या तबकड्यांच्या याद्या असत. त्यांवर लाल पेन्सिलीने खुणा करायच्या आणि संध्याकाळी ओटीवर बसून मला वाचून दाखवायच्या. इतर घरांत पापलेटचा भाव वाचत, आमच्याकडे हे. मुंबईला फोर्टातल्या एका दुकानदाराला दर महिन्याला पत्र जाई, "आली का?" त्याचं पोस्टकार्ड येई, "नाही."

कधीतरी "आली" असंही येई. मग भाऊजी रजा टाकून मुंबईला जात आणि बोईसरपासून एस.टी.त तबकडी छातीशी धरून, उभ्याने येत. बसलं तर शेजारच्याचं कोपर लागेल ना! घरी आलं की आधी ती चहाच्या खोक्यात, बाकीच्यांच्या शेजारी उभी. उभीच. मी एकदा आडवी ठेवली तर म्हणाले, "वहिनी, आडवा ठेवतात तो मेलेल्या माणसाला."

मी भांडी घासून यायची आणि उंबऱ्याशी बसून ऐकायची. आधी करमणूक म्हणून, मग सवय म्हणून, मग खरंच आवडायला लागलं म्हणून. एके दिवशी सहज म्हणाले, "भाऊजी, ही तर मघाचीच धून, पण हा तिला पळवतोय, अंगणभर." भाऊजी उठले, आत गेले आणि स्वतःच्या हाताने चहा करून माझ्यापुढे आणून ठेवला. दिराने वहिनीला चहा! सासूबाईंनी कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "या घरात कान आहेत ते एकट्या वहिनींना." मला त्या वाक्याचा किती माज होता म्हणून सांगू! सासरी मला कामसू म्हणत, सालस म्हणत. पण तुला कळतं असं दुसरं कोणी म्हटलं नव्हतं.

दोन वर्षं ज्या तबकडीसाठी पोस्टकार्डं चालली होती, ती एका पावसाळ्याअखेर आली. सदतिसावी. एका पियानोवाल्याचं सगळं जुनं वाजवणं तिच्यात एकत्र केलेलं. भाऊजींनी ती एकदाच वाजवली, कारण सेल संपत आले होते. मंद झालेले सेल ते पत्र्यावर उन्हात ठेवत आणि ते पुन्हा थोडे चालतही. उन्हाने जीव येतो हे आमच्या घरात सगळ्यांनाच पटलेलं. सासूबाईंचा तर नियमच होता, "पाऊस सरला का घरातली वस्तू न वस्तू ऊन खाऊन आली पायजे." गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, देवाचा पाट, सगळं अंगणात. मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली तेच केलं होतं.

त्या ऑक्टोबरात खोकं उघडलं तर कव्हरांवर पांढरी बुरशी. मला वाटलं, भाऊजी कामावरून यायच्या आत सगळं लख्ख करून ठेवावं, खूश होतील. अंगणात जिथे सासूबाई जवळा वाळवत तिथे धुतलेली चादर अंथरली, एकेक तबकडी मऊ फडक्याने पुसली आणि सदतीसच्या सदतीस मांडल्या. दोनदा हात धुऊन हो! तासाभराने उचलणार होते. तेवढ्यात मनोरहून माझा भाऊ धापा टाकत आला. बाबा पडले होते. सासूबाई बाजारात, घरात कोणी नाही. शेजारणीला "मनोरला जाते, सांगा" म्हटलं आणि तशीच धावत सुटले. वाटेत, पार बोईसर मागे पडल्यावर, मला ती चादर आठवली. पण ऊन लागलं तर वाईट काय होणार, अशी मीच माझी समजूत घातली.

बाबांचं फार काही नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी परतले तर घर चिडीचूप. खोक्यातल्या तबकड्या तळलेल्या पापडासारख्या वाकलेल्या. आदल्या दिवशी दुपारी सासूबाई बाजारातून आल्या, त्यांनी पाहिलं, आणि सरळ करायला म्हणून सगळ्यांची चळत करून वर पाटा ठेवला. त्यात वरच्या दोन तडकल्या. भाऊजी घरी आले तेव्हा सासूबाई त्या पाट्याशीच बसलेल्या होत्या. त्यांनी सांगून टाकलं, "मीच घातल्या उन्हात. ती तर सकालीच मनोरला गेली." भाऊजी एवढंच म्हणाले, "आये, तू अडाणी ती अडाणीच राहिलीस." जन्मात पहिल्यांदा आईला वाकडं बोलले.

मी रडत सांगायला निघाले तर सासूबाईंनी माझा दंड धरला. "गप ऱ्हा. उनाचं मीच शिकवलं ना तुला? माजं काय, मी आय हाय त्याची. दोन दिस फुगंल, भूक लागली का येल. तुज्यावर राग धरला तर तो नाय जायाचा."

राग दोन दिवसांत गेला नाही. भाऊजी आईच्या हातचं जेवत, पण मान खाली घालून. प्लेअर त्यांनी गोदामातल्या एका माणसाला देऊन टाकला. मासिकं आणणं बंद. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगेन. संध्याकाळी ते ओटीवर यायचे, माझ्याशी दोन शब्द बोलायचे, आणि मी उद्यावर ढकलायची. ते दोन शब्दही गेले तर? सासूबाईंचं कवच मला सोयीचं होतं, हे खरं. थंडीत भाऊजींनी राजस्थानातल्या दुसऱ्या बांधकामावर बदली मागून घेतली आणि गेले. पत्रं यायची ती माझ्या नवऱ्याच्या नावाने, शेवटी "सर्वांस नमस्कार." सासूबाई प्रत्येक पत्र वाचून घेत आणि विचारत, "माजं नाव हाय का?" मी म्हणायची, "आहे ना, आईला नमस्कार लिहिलाय." म्हणजे खोट्यावर आणखी खोटं.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, तेवढ्यात सगळं आटोपलं. भाऊजी पोचले ते तिसऱ्या दिवशी. आज ते दोघंही नाहीत, माझे केस पांढरे झालेत, म्हणून हे लिहिण्याचं धाडस तरी होतंय. तेव्हा मात्र मी खरोखर ठरवलं होतं. दहाव्याचं उरकून सगळे घाटावरून परतले, पाहुणे पांगले, आणि भाऊजी ओटीवर एकटेच बसलेले दिसले. मी चहा घेऊन गेले. "भाऊजी, मला एक सांगायचंय," एवढं बोललेही.

त्यांनी कप घेतला नाही. "आधी मी सांगतो, वहिनी," ते म्हणाले. "आयेवर मी वर्षभर रागावून राहिलो. ती बिचारी, तिला काय कळणार तबकडी म्हणजे काय? तिचा काही दोष नव्हता. एक लाख वेळा मनात आलं, त्या दिवशी तुम्ही घरी असता तर असं होऊच दिलं नसतं. हो की नाही?"

बोलता बोलता ते रडायला लागले, मोठ्याने, लहान पोरासारखे. मी कप ओटीच्या कडेला ठेवला. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

मी म्हटलं, "हो."