आप्पांच्या हाताजोगी काठी

आप्पांनी माझ्यादेखत कधी कप हातात धरला नाही. कपाच्या कानात त्यांचं बोटच जात नसे, करंगळीसुद्धा नाही. चहा आला की ते सगळा बशीत ओतायचे, बशी तळहातावर ठेवायचे आणि त्या तळहातावर ती बशी बत्ताशाएवढी दिसायची. घरी टेलिफोन आला त्या दिवशी डायलच्या भोकात अडकलेलं बोट गोडं तेल लावून सोडवावं लागलं. तेव्हापासून फोन लावायचा झाला की वरच्या खोलीकडं बघून मला हाक. "नांदेडकर, ये बाबा खाली. ह्या यंत्राला तुझीच बोटं लागतात."

मी मूळचा नांदेडचा. लातूर नवा जिल्हा झाला, ऑफिसं उघडली आणि माझ्यासारखे कारकून चहूकडून तिथं येऊन पडले. आप्पांची डाळमिल होती आणि मिलच्या मागच्या गल्लीत घर. वरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली. गावात त्यांना सगळे पंजेआप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि ते दोन हात. एवढा दांडगा माणूस, पण हातांचा त्यांना मनातून फार संकोच वाटे. फोटो काढायचा म्हटलं की हात पाठीमागं जायचे. लग्नात आहेराची अंगठी कुणी दिली तर ती देवापुढं ठेवायचे, कारण दुसरीकडं कुठं बसणार ती?

जिल्हा झाल्याचं मात्र त्यांना भारी कौतुक. "आता आपुन जिल्हा हाय" हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकावं लागे ते विचारू नका. एसटी उशिरा आली तरी तेच आणि न्हाव्यानं भाव वाढवला तरी तेच. एकदा बाजारातल्या रस्त्यावर माझी सायकल खड्ड्यात जाऊन मी आडवा झालो, तर मला उठवता उठवता म्हणाले, "जिल्ह्याचा खड्डा हाय, मोठाच असणार की." पुढं साहेबलोकांचा क्लब निघाला आणि तिथं ट्रकमधून बिलियर्डचं टेबल आलं. अख्खा बाजार बघायला गेला. आप्पांनी टेबलाला एक फेरी मारली आणि मला हळूच विचारलं, "एवढं मोठं टेबल, आन् पंगत कुठं हाय?"

त्याच साली पावसानं दगा दिला. तूर आलीच नाही, मिलचा पट्टा थांबला. गल्लीतल्या आडानं तळ दाखवला, नळ नुसते खोकायला लागले, बायका दिवस दिवस घागरी घेऊन फिरायच्या. आणि क्लबच्या हिरवळीवर रोज सकाळी टँकर! आप्पांच्या घरच्या आक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, एके दिवशी रिकामी घागर आपटून म्हणाल्या, "तुमच्या जिल्ह्याला म्हणावं, गवताच्या आधी माणसाला पाणी पाज." आप्पांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि मला घेऊन तडक क्लबात गेले.

क्लबचे सेक्रेटरी म्हणजे कुठल्याशा लांबच्या जिल्ह्यातून बदलून आलेले एक साहेब. टेबलावर त्यांचा हात धरणारा लातुरात कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत. आप्पांनी टँकरचं गाऱ्हाणं मांडलं. साहेब काठीला खडू लावत हसले. "आप्पा, माझ्याशी एक डाव जिंका. टँकर तुमच्या गल्लीत पाठवतो." भोवतालचे सगळे खो खो हसले. आप्पा हसले नाहीत. "कधी खेळायचं?" त्यांनी विचारलं. साहेबांनाही आता माघार घेता येईना. पुढच्या महिन्यातला पहिला रविवार ठरला.

परत येताना आप्पा म्हणाले, "नांदेडकर, तुला येतो म्हणं हा खेळ?" माझे मामा नांदेडला एका जुन्या क्लबात मार्कर होते, म्हणजे टेबल झाडायचं आणि गुण सांगायचे. त्यांच्या कृपेनं मला थोडंफार येत होतं. "येतो" म्हणालो आणि फसलो. दुसऱ्या सकाळपासून क्लबाच्याच टेबलावर शिकवणी सुरू!

ह्या खेळात काठी मागच्या हातानं धरायची ती सैल, नुसती बोटांवर टेकलेली. जोर मनगटाचा नसतो, झोक्याचा असतो. क्लबातल्या काठ्या आप्पांच्या मुठीत इतक्या बारीक व्हायच्या की सैल धरली तर गळून पडे आणि घट्ट आवळली तर मनगट आखडे. पहिल्याच फटक्याला पांढरा चेंडू टेबलावरून उडाला तो एका वकिलांच्या सोड्याच्या ग्लासात. वकील बिचारे सभ्य, त्यांनी चेंडू पुसून परत दिला. आप्पा मात्र काठीकडं बघत राहिले. "खेळ अवघड न्हाई," ते म्हणाले. "काठी उपाशी हाय."

मग आप्पांनी काठ्यांची आपली परीक्षा सुरू केली. कुऱ्हाडीचा दांडा निवडताना जशी मूठ मिटून बघतात, तशी. मूठ मिटली की बोटाचं नख तळव्यात रुतता कामा नये. क्लबातली एकेक काठी घेतली, मूठ मिटली, आणि दर वेळी नखं खचकन तळव्यात. "न्हाई," म्हणून काठी जाग्यावर. मी म्हणालो, "आप्पा, काठीचं वजन बघा, टोक बघा, सरळ हाय का बघा." तर माझ्यावरच डाफरले, "बायको निवडताना कुंडली बघतात, दांडा निवडताना हात बघतात. गप बस."

गप बसलो. त्यांनी औतं-तिफणी करणाऱ्या सुताराला गाठून तिवसाच्या लाकडाची काठी करून घेतली. काय ती काठी! जवसाचं तेल पाजून आरशासारखी केलेली, हातात झकास बसणारी, आणि वजनाला मुसळ. पहिला फटका मारला तो तांबडा चेंडू खिडकीतून थेट हिरवळीवर. माळी आत आला आणि चेंडू पुढं करून म्हणाला, "आप्पा, पाऊस न्हाई आन् गारा कशा पडून राहिल्या?" लातूरच्या क्लबातल्या मार्करनं ती काठी आत आणायला कायमची बंदी घातली.

रविवार जवळ येत चालला तसे आप्पा जेवणावरून उठायला लागले. शेवटी मीच त्यांना एसटीत घालून नांदेडला मामांकडं नेलं. मामांनी क्लबाची अडगळीची खोली उघडून दिली. निजामाच्या काळापासूनच्या काठ्या तिथं धूळ खात उभ्या. आप्पा फरशीवर मांडी घालून बसले, डोळे मिटले आणि एकेक काठी मुठीत घेऊन "न्हाई... न्हाई..." करत सुटले. मामांचा जेवायचा वखत टळून गेला. ते वैतागून म्हणाले, "काठी बघून राहिलाव का जावई?" तेवढ्यात एका जुन्या, बुडाशी जाड, काळ्या लाकडाच्या काठीवर आप्पांची मूठ थांबली. डोळे उघडले. "जराशी कमी हाय. पण हिला खाऊ घालता येईल."

घरी आल्यावर त्यांनी सुतळीचा तोडा काढला. हमाल आपल्या पोती उचलायच्या हुकाच्या मुठीला सुतळी गुंडाळतात ना, वेढ्याला वेढा लावून, तशी त्यांनी काठीच्या बुडाला आवळत आणली आणि वरून मेण चोळलं. मग मूठ मिटली. नख तळव्याला लागलं नाही आणि काठी गळलीही नाही. "बसली," ते एवढंच म्हणाले. त्या माणसाला उभ्या जन्मात कप, पेन, अंगठी, घड्याळ यांतलं काही धड बसलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मलाच एकदम भरून आलं.

आणि मग ते खेळायला लागले हो! त्या राक्षसी हातातून चेंडू असा अलगद निघे की बघत राहावं. रविवारी क्लबात पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पांच्या बाजूनं मी आणि त्यांचे दोन अडते दोस्त, बाकी सगळे साहेबांचे. डाव चुरशीचा झाला. साहेबांनी दोनदा कपाळ पुसलं. शेवटी तांबडा चेंडू भोकाच्या तोंडाशी येऊन थांबला आणि पाळी होती साहेबांची. त्यांनी तो आत घातला. आप्पा थोडक्यात हरले.

गल्लीतल्या बायका दारात वाट बघत असणार, त्यांना जाऊन काय सांगायचं? साहेब खुशीत होते. "वेल प्लेड, आप्पा!" म्हणत त्यांनी हात पुढं केला.

आता इथं आमच्या अडत बाजाराची रीत सांगायला हवी. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा, पटलं तर 'हो' म्हणायचं. चार माणसांत 'हो' म्हटल्यावर मागं फिरत नाहीत. आप्पांचा जन्म त्यात गेलेला. उगीचच कुणी हात पुढं करतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं, डाव तर झाला, आता साहेब सौदा काढून राहिलेत. त्यांनी हात हातात घेतला आणि खांद्यावरचा रुमाल वरून टाकला.

साहेब आधी हसले. मग हसू उतरलं. मग त्यांनी हात ओढून बघितला. छे! आप्पा शांतपणे बोटं दाबत होते. "अहो आप्पा... अहो... हो! हो हो! झालं, झालं!"

"सौदा झाला!" दोन्ही अडते एकदम ओरडले.

"आठवड्यातले चार दिवस टँकर गल्लीला, बाकीचे गवताला," आप्पांनी रुमाल काढत जाहीर केलं. "साहेब दिलदार हाय. मी तर तीनवरच थांबणार होतो."

साहेब बोटं चोळत म्हणाले, "मी कशाला हो म्हणालो?" पण क्लबातले मेंबर पोट धरून हसत होते आणि तेच वकील पुढं होऊन म्हणाले, "साहेब, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय." दुसऱ्या सकाळी टँकर गल्लीत वळला. कुणीतरी हलगी आणली, आप्पांच्या गळ्यात हार पडले. "आप्पांनी साहेबाला हरवला!" आप्पा कळवळून सांगत होते, "अरे, हरलो मी! हरलो!" पण पाणी समोर धो धो पडत असताना त्यांचं कोण ऐकतं? अडते तर सांगतच सुटले होते की आप्पा जिंकले.

हे दुखणं त्यांना जन्मभर पुरलं. खोट्या मापाचा त्यांना भारी तिटकारा, आणि इथं गावच त्यांच्या पदरात न जिंकलेला डाव टाकून राहिलेलं. लग्नात, बाजारात, मठात कुणी कौतुक केलं की आप्पा उसळायचे, "हरलो हाय मी! नांदेडकराला विचारा!" मी खरं तेच सांगायचो. लोक म्हणायचे, भाडेकरू हाय, आप्पांनी शिकवून ठेवलाय.

पुढं माझी बदली परत नांदेडला झाली. आप्पा गेल्याचा निरोप आला तसा मी पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. ओसरीत त्यांना बसवलेलं होतं, आमच्याकडच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं, ताठ, कपाळावर ताजं भस्म, दोन्ही हात मांडीवर. मला त्या हातांकडं बघवेना. अंगणात गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका तेच सांगत होत्या, त्या वर्षी आप्पांनी साहेबाला हिरव्या टेबलावर कसं लोळवलं आणि लेकरांच्या तोंडात पाणी कसं पडलं.

आप्पांची नात माझ्याजवळ येऊन बसली. रडून डोळे सुजलेले. "काका, आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, मी हरलो होतो. तुम्ही तर तिथं होता. खरं काय ते सांगा."

मी ओसरीकडं बघितलं. आता उठतील आणि माझं मनगट धरतील, असंच वाटलं.

"जिंकले ग," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांसमोर जिंकले."