अभिप्रायाच्या वहीतलं पान

पुस्तकाच्या अभिप्रायात ‘अप्रतिम’ हा शब्द लिहायला बंदी असायला हवी. ‘वाचनीय’ला तर दुप्पट बंदी. पुस्तक वाचायचं नाही तर काय चाटायचं असतं? आणि ‘लेखकाचं निरीक्षण बारीक आहे’ हे वाक्य लिहिणाऱ्याला धरून विचारलं पाहिजे, बाबा रे, तुझं स्वतःचं निरीक्षण केवढं आहे? हे सगळं मी चिडून लिहितो आहे. यातला अर्धाअधिक राग माझ्या स्वतःवर आहे, कारण हे तिन्ही प्रकार मी वर्षानुवर्षं केले.

पुसेगावजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत वाचनालय होतं. मी शाळेत क्लार्क. शाळा सुटली की पाच ते सात ती खोली उघडायची, हे काम मी हौसेनं अंगावर घेतलेलं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि आता आपल्याकडे सगळं सुधारणार असं लोक खरंच बोलायचे. वाचनालयात चार लोखंडी कपाटं होती, चारींना कुलपं, आणि किल्ल्या माझ्या खिशात. पुस्तकं गायब होतात म्हणून वाचकानं कपाटापाशी यायचं नाही असा कमिटीचा नियम होता. वाचक टेबलाच्या पलीकडे उभा राहायचा, मी त्याचं तोंड बघायचो आणि ठरवायचो की याला काय द्यावं. डॉक्टरसुद्धा आधी जीभ बघतो, मी तेवढंही बघत नव्हतो.

टेबलाला सुतळीनं बांधलेली एक जाड वही होती. वाचून झालं की तिच्यात अभिप्राय लिहायचा. ‘छान आहे’, ‘रडू आले’, ‘शेवट आवडला नाही’ असं लोक लिहायचे आणि त्याखाली माझे पान-पानभर अभिप्राय असायचे. माझी मतं फार कडक. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मला राग, कारण त्यात माणसं कमी आणि तलवारी जास्त. परदेश प्रवासाची पुस्तकं बघितली की डोक्यात तिडीक जायची. विमानतळावर पस्तीस पानं आणि ज्या देशात गेले तिथल्या माणसांवर दोन. ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाची पुस्तकं तेव्हा नुकतीच यायला लागली होती, ती मी सगळ्यात खालच्या कप्प्यात ढकलून द्यायचो. हळदीच्या लागवडीवरचं एक पुस्तक मात्र मी सगळ्यांना आग्रहानं द्यायचो, कारण ते लिहिणाऱ्यानं हळद काढली होती हे कळायचं. गावात माझा शब्द चालायचा. सर म्हणाले म्हणजे पुस्तक चांगलंच असणार.

बाजाराच्या दिवशी तांड्यावरची एक बाई यायची. बंजाऱ्यांचा हा तांडा गावापासून हाकेच्या अंतरावर. ती तिथल्या अंगणवाडीत मदतनीस होती, सातवी शिकलेली, तिशीच्या आतबाहेरची. पिशवीत भाजी, भाजीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक. पुस्तकाला कधी डाग लागला नाही. गावातले शिकलेले लोक पुस्तकात आगपेटीची काडी घालून आणायचे, हे मुद्दाम सांगतो.

पहिल्यांदा वहीत लिहायला सांगितलं तेव्हा ती लाजली. मग लिहायला लागली ती एकेक ओळ. माझ्या लाडक्या जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवर (राग असला तरी एक लाडकी होतीच) तिनं लिहिलं, ‘घोडे लई हायेत. एवढ्या फौजेच्या भाकरी कोण करते ते लिहिलं न्हाई.’ प्रवासवर्णनावर, ‘एवढं फिरले पण कोणाच्या घरी जेवले न्हाईत.’ यशस्वी होण्याच्या पुस्तकावर, ‘सकाळी उठून शांत बसा म्हणते. यांच्या घरी लेकरू न्हाई वाटते.’ एका बाईच्या आत्मकथेवर मात्र तिनं तीन ओळी लिहिल्या होत्या. ‘खरं हाय. वाचून रडले न्हाई. गप बसून राहिले.’ मी पानभर लिहून जे सांगू शकत नव्हतो ते ती एका ओळीत सांगायची. मला मजा वाटायची, आणि थोडी पोटदुखीही व्हायची. दोन्ही कबूल करतो.

एकदा मी तिला एक कादंबरी दिली. तांड्यावरच्या एका मुलीची गोष्ट. लिहिणारा मोठ्या शहरातला, नावाजलेला. मी ती दोनदा वाचली होती आणि वहीत दीड पान भरून लिहिलं होतं. त्यातली काही वाक्यं मला पाठ आहेत, कारण ती विसरता येत नाहीत. ‘नायिकेच्या केसांतल्या घुगरीची किणकिण पहिल्याच पानावर कानी पडते. लेखकाचं निरीक्षण किती बारीक! तांड्याचं जीवन त्यांनी जगून लिहिलं आहे.’ तिला पुस्तक देताना मी म्हणालो, “ताई, हे तुमच्यावरच आहे. तुम्ही वाचलंच पाहिजे.” एवढ्या मानानं पुस्तक तिला मी आधी कधी दिलं नव्हतं. तिनंही ते दोन्ही हातांनी घेतलं.

पुढच्या बाजाराला ती आली ती भाजी न घेता. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “सर, हे तुमी वाचलं का?”

“दोनदा वाचलं.”

“मग तुमाला दिसलं काहून न्हाई?”

काय दिसलं नाही ते तिनं तोंडानं सांगितलं नाही. वही ओढली आणि उभ्यानं लिहायला लागली. मी घड्याळ बघत होतो, वीस मिनिटं लागली. तिनं लिहिलं होतं ते असं:

‘यातली पोरगी पहिल्या पानावर घुगरी घालून पाणी भराले जाते. तिचं लगीन पुस्तकाच्या शेवटाला हाय. घुगरी लगीन झालेल्या बाईनं घालायची असते, पोरीनं न्हाई. हे तांड्यावरचं लहान लेकरू बी सांगते. लेखकानी तांडा पाहिला न्हाई. आमच्या बाया चोऱ्या करतात असं चार जागी लिहिलं. बाई शेतात काम करून राहिली असं एका जागी बी न्हाई. हे पुस्तक आमच्यावर न्हाई. वाचू नये. वाचलं तर आधी आमाला इचारावं.’

मी वाचलं आणि मान वर केली. ती समोर उभी होती. तिच्या केसांत दोन्ही कानांच्या बाजूंना चांदीची घुगरी लोंबत होती. दोन वर्षं ती दर आठवड्याला तीच घुगरी घालून माझ्यासमोर उभी राहत होती. शाळेत तांड्यावरच्या मुलींचे दाखले मी माझ्या हातानं लिहायचो. त्यांच्यापैकी एकीच्याही केसांत मी घुगरी पाहिली नव्हती, आणि पाहिली नव्हती हेही मला कळलं नव्हतं. बारीक निरीक्षण म्हणे! आणि त्या चार जागा? त्या मी दोनदा वाचल्या होत्या आणि दोन्ही वेळा डोळा सरळ पुढं गेला होता.

“बराबर आहे तुमचं,” मी म्हणालो. तेवढंच म्हणालो.

या गोष्टीचा शेवट इथं झाला असता तर मी आज एवढा तापलो नसतो. पण आमच्या कमिटीनं वाचनालयाच्या वर्धापनदिनाला पाहुणा बोलावला, आणि पाहुणा कोण, तर हाच लेखक. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. आठ दिवस आधी ते वही चाळायला बसले. माझा अभिप्राय वाचून खूश झाले, म्हणाले हाच पाहुण्यांना दाखवू. मग पान उलटलं.

“हे कोणी लिहिलं?”

मी सांगितलं.

“तिला काय कळतं साहित्यातलं? अहो, पाहुणे येणार. आपल्या गावाची काय शोभा होईल? काढून टाका हे.”

“सर, पण ती म्हणते ते खरं आहे.”

“खरं-खोटं नंतर बघू. आधी कार्यक्रम होऊ द्या.”

मी नोकरीतला माणूस नव्हतो तिथं. पगार नव्हता, बढती नव्हती, अध्यक्ष माझं काही म्हणजे काही वाकडं करू शकत नव्हते. ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा स्वतःला सांगतो, कारण पळवाट सापडत नाही. वही माझी होती, सुतळी मी बांधली होती. पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड ड्रॉवरमध्ये होतं. मी पट्टी धरली आणि ते पान शिवणीपाशी सरळ कापून अध्यक्षांच्या हातात दिलं. त्यांनी चार घड्या घालून खिशात टाकलं. इतकं नीट कापलं होतं की तिथं पान होतं हे कोणाला कळलं नसतं. याचा मला तेव्हा थोडा आनंदही झाला होता, थू त्याच्यावर.

लेखकमहाशय वाशीमकडून जीपनं आले. कनेरगाव नाक्यावर त्यांना चहा पाजून आणायला दोन सदस्य गेले होते. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. मागच्या बाजूला तांड्यावरच्या सात-आठ बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यात ती. तिनंच त्यांना आणलं असणार. आपण लिहिलेलं लेखक वाचेल, काहीतरी उत्तर देईल, या आशेनं आणलं असणार. हे मला तिला बघताक्षणी समजलं.

पाहुण्यांनी वही हातात घेतली. “या आडवळणाच्या गावात इतका जाणता वाचक आहे!” असं म्हणून माझं दीड पान त्यांनी माइकवरून वाचलं. ‘घुगरीची किणकिण’ आली तेव्हा मागच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. पाहुण्यांना वाटलं, आपल्या घुगरीचं नाव ऐकून बाया लाजल्या. त्यांनी हसून बायांकडे हात केला. टाळ्या वाजल्या. ती हसली नव्हती. ती मान उंच करून पुढचं पान उलटायची वाट बघत होती. त्यांनी पान उलटलं, आणि पुढे कोणाचं तरी ‘छान आहे’ होतं. मग त्यांनी खिशातून हिरव्या शाईचा पेन काढला, माझ्या अभिप्रायाखाली झोकदार सही केली आणि वही मिटली.

मी उठून बोलू शकलो असतो. माइक माझ्यापासून चार पावलांवर होता. मी त्यांच्या हातून सत्काराची शाल घेतली, नारळ घेतला आणि बसलो.

पुढच्या बाजाराला ती आली. वहीची पानं तिनं एकेक करून उलटली. कापलेल्या जागी बोट फिरवलं. तिला मात्र ती जागा लगेच सापडली.

“माझं पान द्या.”

“माझ्याकडे नाही, ताई. अध्यक्षांनी नेलं.”

“फाडलं कोणी?”

“मी.”

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं वही माझ्या अभिप्रायापाशी उघडून माझ्यासमोर सरकवली. मग म्हणाली, “तर मग तुमचं बी खोडा. माझं बराबर हाय म्हणले होते ना तुमी? मग तुमचं चूक झालं. खोडा.”

पेन माझ्या हातात होता. मी म्हणालो, “त्याखाली त्यांची सही आहे.”

“व्हय,” ती म्हणाली. “मग राहू द्या.”

मी उठून कपाटाकडे वळलो, तिला काहीतरी चांगलं द्यावं म्हणून. सवयीनं सांगायलाही लागलो, की एक नवीन आलंय, तुम्हाला आवडेल. तिनं टेबलावर हात ठेवला, तळवा वर करून.

“तुमी नका सांगू आता. किल्ली द्या.”

नियम मला तोंडपाठ होता. मी किल्ल्या दिल्या. ती टेबलाला वळसा घालून अलीकडे आली, कपाट उघडलं आणि एकेक पुस्तक बाहेर काढून मधली दोन-चार पानं वाचून परत ठेवायला लागली. मी माझ्या खुर्चीवर बसून होतो. ती पुढं सहा-सात वर्षं येत राहिली, तिच्या अंगणवाडीची नवीन इमारत होऊन काम वाढलं तरी येत राहिली, आणि चारही कपाटं तिनं वाचून काढली. माझ्याकडून एकही पुस्तक सुचवून घेतलं नाही. वहीत एक ओळही पुन्हा लिहिली नाही. एखादं पुस्तक परत देताना तिच्या चेहऱ्यावर काही दिसायचं, आणि मला विचारायचा धीर व्हायचा नाही. चार कपाटांवरची तिची मतं तिच्यापाशीच राहिली. हे नुकसान कोणाचं, ते अध्यक्षांना कळलं नाही. मला रोज कळायचं.

वाचनालय पुढं बंद पडलं तेव्हा ती वही मी घरी आणली. अजून माझ्याकडे आहे. कोणी वाचणारं घरी आलं, की मला विचारतं, सर, एखादं पुस्तक सुचवा. आता मी पुस्तक सुचवत नाही. एक मात्र सांगतो: त्या कादंबरीतली पोर लग्नाआधी घुगरी घालून पाण्याला जाते. लिहिणाऱ्यानं तांडा पाहिलेला नाही. वाचू नये, वाचलं तर आधी तांड्यावर विचारावं.

हे मत तिचं आहे. माझं वहीत आहे, हिरव्या सहीच्या वर, आणि ते मी अजून खोडलेलं नाही.