मोठ्या आवाजाची मुमताजचाची

मुमताजचाचीला हळू बोलता येत नसे. तीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढल्यामुळे तिचा आवाज पट्ट्याच्या खडखडाटावर चढूनच बाहेर पडायचा. शेळगावात तिच्याकडे दळण घेऊन गेलं, की आपल्या घरातल्या चार गोष्टी रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत पोचत. कोणी गप्प बसायची खूण केली, तर ती म्हणायची, "ज्याला खोटं बोलायचं हाय त्यानं हळू बोलावं. मला काय गरज?"

लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला ओळखत होते. पण खरी ओळख भांडणातून झाली. माझी जुई तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला कडेवर घेऊन मी ज्वारी दळायला गेले. चाचीनं गिरणी सुरू केली, तसं शेजारच्या बाईच्या कडेवरच्या बाळानं दचकून भोकाड पसरलं. जुई माझ्या मंगळसूत्राशी खेळत राहिली. चाचीनं गिरणी बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. मग सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "वैशाले, तुझी पोरगी दचकली न्हाय. हिला ऐकू येत न्हाय."

अर्धवट दळण उचलून मी घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "मुमताजला काय कळतंय? जुईचा बापबी उशिराच बोलला." मला तेच ऐकायचं होतं. पण घरात कोणी नसलं, की मी जुईच्या पाठीमागे उभी राहून ताट आपटत असे. ती वळायची नाही. काही दिवसांनी मी ताट आपटणंच सोडून दिलं.

एक दिवस चाची दारात येऊन उभी राहिली. "माझ्यावर राग हाय ना? ऱ्हाऊ दे. पण बारामतीला चल. राग काय पळून जात न्हाय, पोरीचं वय पळतंय." माझे मालक लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीला, त्यांना रजा मिळेना. चाचीनं गिरणीला कुलूप लावलं आणि ती माझ्याबरोबर एसटीत बसली.

बारामतीच्या दवाखान्यात जुईची बेरा चाचणी करायची होती. मूल गाढ झोपल्यावर कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतं का ते मशीन दाखवतं. झोपेसाठी दिलेलं औषध जुईनं ओकून टाकलं आणि टक्क डोळे उघडे ठेवून रडू लागली. दोन तास गेले. तपासणारा मुलगा कंटाळून म्हणाला, "मावशी, आज काही होत नाही. पुढच्या महिन्याची तारीख घ्या."

चाची दाराशीच फतकल मारून बसली. "मशीन बंद करू नका. पोरगी झोपंल. न्हाय झोपली तर मी हितंच हाय, मला वलांडून घरी जा."

तिनं जुईला छातीशी घेतलं, तिचा गाल आपल्या गळ्याखालच्या हाडाला टेकवला आणि तोंड मिटून नुसती घुमायला लागली. जुईचं रडणं थांबलं. तो घुमारा गालातून तिच्या अंगात उतरत असावा. पाच-दहा मिनिटांत तिची मान कलली. मग चाचणी चालली तेवढा वेळ चाची भिंतीला टेकून बसली, खोकलासुद्धा पदरात दाबून. तिला इतका वेळ गप्प बसलेली मी कधीच पाहिली नव्हती.

दोन्ही कान जवळजवळ बंद होते. डॉक्टरबाईंनी कॉक्लिअर इम्प्लांटचं समजावून सांगितलं. कानाच्या आत बारीक तार बसवायची, वरून मशीन लावायचं. त्याआधी काही महिने साधं श्रवणयंत्र लावून बघायचं, स्कॅन करायचे, लसी द्यायच्या. मी रडत होते. चाचीनं विचारलं, "एवढं सगळं केल्यावर बोलंल का?" डॉक्टर म्हणाल्या, "लवकर केलं आणि नंतर रोज मेहनत घेतली, तर बोलेल." चाची माझ्याकडे वळली. "ऐकलंस? रडायचं कामच न्हाय."

श्रवणयंत्र लोकांना दिसू नये म्हणून मी जुईला उन्हाळ्यातही कानटोपी घालत असे. चाचीनं भर बाजारात ती काढून माझ्या पिशवीत कोंबली. "चष्मा लावलेल्या पोराला टोपी घालतीस का? बघू दे लोकांना. बघून बघून दमतील." त्या दिवशी मी मान खाली घालूनच घरी आले. पण टोपी पुन्हा घातली नाही.

सासूबाईंचा विरोध ऑपरेशनला होता. "एवढ्याशा पोरीचं डोकं फोडायचं?" असं म्हणून त्यांनी जेवण सोडलं. चाची त्यांच्या ताटासमोर येऊन बसली. "अक्का, तुमचा मोतीबिंदू काढला तवा डोळा फोडला असं म्हनला का? तुमाला दिसावं वाटलं, तसं तिलाबी ऐकावं वाटत असंल. तिला सांगता येत न्हाय, एवढंच." संध्याकाळी सासूबाई जेवल्या.

चाची नेहमीच बरोबर असायची असं मात्र नाही. पुण्याला भूल देऊन एमआरआय करायचा होता. मोठ्या खटपटीनं तारीख मिळाली होती आणि त्याच सकाळी जुईचं नाक वाहू लागलं. भुलीच्या डॉक्टरांची पावलं वाजली, तसं चाचीनं पदरानं जुईचं नाक पुसलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "सर्दीचं बोलू नको. तारीख जाईल."

ती कुजबुजली म्हणूनच मला भीती वाटली. तोवर दवाखान्यांत सगळं बोलणं तीच करायची, मी मागे उभी असायची. डॉक्टर आले आणि मी पुढे होऊन सांगितलं, "हिला सकाळपासून सर्दी आहे." त्यांनी जुईची छाती तपासली आणि तारीख पुढे ढकलली.

परतताना चाची खिडकीबाहेर बघत बसली. भिगवण गेलं, डाळज आलं, तरी बोलेना. मग एकदम, अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैशाले, मी चुकले. भूल दिल्यावर पोरीला काय झालं असतं, तर कुठं तोंड दाखवलं असतं मी? तू बोललीस ते बेस केलंस. आता बोलत जा." मी तिचा हात धरला. त्यानंतर डॉक्टरांशी मीच बोलू लागले. ती मागे बसून मान हलवायची.

एमआरआय झाला, लसी झाल्या, आणि जुईला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत ऑपरेशनही झालं. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा जुई घाबरून माझ्या कुशीत शिरली आणि मोठ्यानं रडली. आम्ही दोघी हसत होतो आणि रडतही होतो. पुढे वर्षभर चाची रोज दळण संपवून आमच्याकडे यायची; भाकरी, पाणी, शेळी, चप्पल, एकेका वस्तूचं नाव शंभर वेळा घ्यायची. जुईचा पहिला शब्द 'आई' नव्हता. ती 'ताती' म्हणाली. म्हणजे चाची.

गेल्या थंडीत चाची हृदयविकारानं गेली, दोन दिवसांच्या दुखण्यात. जुईला घेऊन मी गेले. घर बायकांनी भरलं होतं. सगळ्या हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या. जुईनं पांढऱ्या चादरीकडे पाहिलं, माझा हात सोडून पुढे गेली आणि खणखणीत हाक मारली, "ताती!"

सगळ्या चमकून वळल्या. कोणीतरी म्हणालं, "अगं, गप्प कर तिला."

"नाही करणार," मी म्हणाले. "बोलू द्या तिला."

जुईनं पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.